या खेपेला जिरं जास्त भाजलंय

हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टचा मला राग येतो. त्याच फॉन्टांवर माझं घर चालतं, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ते माझ्या तोंडावर फेकायला नको. मी बडोद्यात पाकिटं, लेबलं, पत्रिका, दुकानांच्या पाट्या अशा गोष्टींची रचना करते. वीसेक वर्षं झाली.

हा फॉन्ट तुम्ही पाहिलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. अक्षरं किंचित तिरकी, शिरोरेषा मध्येच तुटलेली, वेलांटी जरा लांब गेलेली. कुणीतरी मांडीवर वही घेऊन घाईघाईत पण मनापासून लिहिलंय असं वाटावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. लहान मुलांच्या दवाखान्यात तो शोभतो. शाळेच्या सहलीच्या सूचनेला चालतो. कॉफीच्या दुकानातल्या फळ्यालाही माझी हरकत नाही, कारण तिथे कुणी फसत नाही. पण आता बिल्डरसुद्धा त्याच अक्षरात ‘तुमचीच वाट पाहतोय’ असं रस्त्यावर टांगतो. बँक वाढदिवसाला त्याच अक्षरात शुभेच्छा पाठवते आणि खाली कुणाची तरी सही असते, आणि तो सही करणारा माणूस जगात कुठेही नसतो. मागे एका ओळखीच्या घरी बेसणं होतं. कुणी गेल्यावर लोकांनी येऊन बसायचं, ही पद्धत आम्ही बडोद्याच्या मराठी लोकांनी गुजरात्यांकडून कधीच उचलली आहे. त्या बेसण्याची सूचना फोनवर आली तीही याच लाडिक अक्षरात, कोपऱ्यात एक फूल काढून. मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता फॉन्ट बनवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. चांगला हस्ताक्षरी फॉन्ट बनवायला जीव काढावा लागतो. माणूस दोनदा एकच अक्षर सारखं लिहीत नाही, म्हणून एकेका अक्षराचे तीन-तीन, चार-चार नमुने आत भरलेले असतात. ‘जरा’ असा शब्द टाइप केला आणि त्याच ओळीत पुन्हा ‘र’ आला, तर दुसरा ‘र’ आपोआप वेगळा पडतो. जोडाक्षरं, मात्रा, अनुस्वाराचा ठिपका, सगळं किंचित हलतं. हे करणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. माझा राग ते कुठे नेऊन वापरलं जातं याच्यावर आहे, आणि त्या रागातला मोठा वाटा माझ्याच पदरात पडतो.

माझी मावशी बडोद्याच्याच जुन्या वस्तीत, वाडी नावाच्या भागात राहते. सत्तरी ओलांडली आहे. दोन खोल्या, मागे एक चिंचोळं अंगण, आणि त्या अंगणात तिचा सगळा कारभार. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. काका गेल्यावर सुरू केलं आणि मग कधी थांबलीच नाही. वाडीतल्या आणि आसपासच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, मराठी घरांतून तिचं मेतकूट जायचं, अमेरिकेला निघालेल्या लेकींच्या बॅगांतून परदेशातही जायचं.

तिची एक पद्धत होती. प्रत्येक पाकिटावर ती त्या खेपेचा दोष लिहायची. अगदी सुरुवातीला एकदा मेतकुटात हिंग जास्त पडला. फेकवेना, आणि न सांगता विकवेना. मग तिने बॉलपेन घेऊन प्रत्येक पाकिटावर लिहिलं, ‘या खेपेला हिंग जास्त झालाय, भातावर जपून घ्या.’ सगळी पाकिटं गेली. तेव्हापासून हा नियम झाला. ‘धने जरा जून निघाले.’ ‘ओवा कमी आहे, घरचा घाला.’ ‘मिरच्या सुरतेच्या बाजूच्या आहेत, तिखट वाटणार नाही.’ गिऱ्हाइकं दारात उभी राहून आधी ती ओळ वाचायची आणि विचारायची, मावशी, आज काय बिघडवलंत? ती बेधडक सांगायची. आणि कधी खरोखरच काही बिघडलेलं नसलं, तर लिहायची, ‘या खेपेला काही तक्रार नाही.’ ते वाचलं की लोक एकाऐवजी दोन पाकिटं न्यायचे.

ही काही विक्रीची युक्ती नव्हती. बायका त्या ओळीप्रमाणे स्वयंपाक करायच्या, मीठ कमी-जास्त करायच्या. घडियाळी पोळातला दुकानदार तिची पाकिटं ठेवायचा तोही म्हणायचा, बाकी माल मी विकतो, हिचा माल हिची ओळ विकते. मावशीजवळ जाहिरात नव्हती, दुकान नव्हतं, हाताखाली माणसं नव्हती. लिहिलेलं खरं असतं, एवढीच तिची पुंजी होती.

तिच्यासाठी लेबल मीच केलं होतं. नाव, पत्ता, वजन, सगळं साध्या ठळक छापील अक्षरात, आणि खाली दोन बोटं जागा कोरी. मी आधी हस्ताक्षरी फॉन्टातला एक नमुना दाखवला होता. तिने तो बाजूला सारला. म्हणाली, हाताने लिहायचं ते मी लिहिते की, यंत्राने यंत्रासारखं लिहावं. मी हसले होते.

मग वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. मालक गुजराती, बोलायला गोड, बिलं वेळेवर चुकती करणारा. महाराष्ट्राच्या बाजारासाठी त्याने भाजणी, मेतकूट असले मराठी पदार्थ बनवायला घेतले होते. भट्ट्या खोलीएवढ्या मोठ्या, पाकिटं भरणारी यंत्रं परदेशातून आणलेली. हे मला त्याने सांगितलं. मी पाहिलं नाही. मी त्याच्या थंडगार ऑफिसच्या पलीकडे कधी पाऊलच टाकलं नाही. त्याचं म्हणणं एकच होतं, “बेन, घरनुं लागवुं जोईए.” घरचं वाटलं पाहिजे.

वाटलं पाहिजे. असलं पाहिजे असं तो म्हणाला नव्हता, आणि मीही विचारलं नाही. मी चार नमुने नेले. हस्ताक्षरी फॉन्ट, खाली तवा, पितळी डबा, नऊवारीतली बाई. त्याला आवडले, पण काहीतरी कमी पडतंय असं तो म्हणत राहिला. आणि मग मी, कुणी विचारलेलं नसताना, फार हुशार असल्यासारखी म्हणाले की आपण पाकिटावर एक चूक कबूल करू. खाली छोट्या हस्ताक्षरात लिहू, ‘या खेपेला जिरं जरा जास्त भाजलंय, सांभाळून घ्या.’

त्याने टेबलावर हात मारला आणि पुन्हा चहा मागवला.

त्या क्षणी मला मावशी आठवलीच नव्हती, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. साफ खोटं. मला तिचं अंगण आठवलं होतं, तिचं सुतळीने बांधलेलं बॉलपेन आठवलं होतं, लिहिताना ती ओठ कसे आवळते तेही आठवलं होतं. आमच्या धंद्यात याला प्रेरणा म्हणतात. शब्द छान आहे, खिशात घालायला हलका.

त्याला एक ओळ पुरेना. प्रत्येक पाकिटावर तीच चूक दिसली तर लोकांच्या लक्षात येईल, म्हणून त्याने दहा मागितल्या, आलटून पालटून छापायला. मी एका दुपारीत दहा लिहिल्या. मीठ बोटभर जास्त, ओवा चिमूटभर कमी, भाजताना शेजारीण गप्पांना आली आणि रंग एक छटा गडद झाला. आज त्या ओळी वाचल्या की अंगाचा तिळपापड होतो. त्यातली एकही चूक खरी नव्हती एवढंच नाही, त्या सगळ्या चुका भूक वाढवणाऱ्या होत्या. कुणी पाकीट परत ठेवील अशी एकही नव्हती. मावशीच्या ओळी वाचून लोक कधी कधी पाकीट परत ठेवायचे, आणि ती त्यांना म्हणायची, बरं केलंत, पुढच्या खेपेला या.

लेबल चाललं. लोकांनी पाकिटांचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. कित्ती गोड, आजीची आठवण आली, असल्या मजकुराचा पूर आला. माझ्या कामाचं कौतुक झालं, एका कॉलेजात मुलांसमोर बोलायला बोलावलं. मी तिथे उभी राहून प्रामाणिक भाषेबद्दल बोलले. पडद्यावर ते पाकीट दाखवून बोलले.

आता मावशीचं ऐका. तिच्या हातात ते पाकीट कुणीतरी दिलं. तिने चष्मा लावला, ओळ वाचली, आणि तिचा चेहरा उजळला. मला म्हणाली की वाघोडियाच्या त्या कारखान्यात कुणीतरी चांगली बाई बसवलेली दिसते. मालकाची नोकरी करून मालाचा दोष लिहायचा म्हणजे हिंमत पाहिजे. मग पाकीट जवळ धरून तिने अक्षर पाहिलं. दोन ‘र’ वेगळे, दोन ‘ज’ वेगळे. म्हणाली, घाईत लिहिते बिचारी, एवढ्या पाकिटांवर लिहायचं म्हणजे हात भरून येत असेल तिचा.

मी समोर बसले होते, हातात तिनेच केलेला चहा. मी सांगू शकले असते. मी म्हटलं, हो, येत असेल.

हा माझा गुन्हा. बाकी सगळं कामाच्या ओघात झालं असं म्हणून अंग काढून घेता येईल, पण हे ‘येत असेल’ मी पूर्ण शुद्धीत म्हटलं. पुढे वर्षभर ती त्या बाईची चौकशी करत राहिली. तुझं तिथे जाणं-येणं आहे, भेटली तर सांग म्हणाली, मनगटाला तिळाचं तेल लाव म्हणावं.

हळूहळू तिच्या स्वतःच्या ओळीचं काय होतंय ते दिसायला लागलं, तिला नाही, मला. घडियाळी पोळातल्या दुकानात नवीन येणारे लोक तिचं पाकीट उचलून म्हणायचे, अरे, यांनीपण कंपनीसारखं सुरू केलं. दुकानदाराने तिला सुचवलं की जरा गमतीदार लिहा, कंपनीचं वाचून लोक हसतात. एका बाईने तर तिला चांगुलपणाने समजावलं की दुसऱ्याची कल्पना उचलणं बरं नाही. मावशीने हे मला हसत हसत सांगितलं. म्हणाली, मी त्या वाघोडियावालीची नक्कल करते असं वाटतं लोकांना, करेनात का, खरं लिहिणाऱ्या दोघी झालो तर कुणाचं काय बिघडलं.

बिघडलं ते पुढे.

उपासाची भाजणी म्हणजे साबुदाणा, वरई, राजगिरा, जिरं. ती दळताना फार जपावं लागतं. पिठाच्या गिरणीला आम्ही घंटीच म्हणतो, तर घंटीवाला मावशीचं उपासाचं दळण सकाळी सगळ्यात आधी, यंत्र पुसून घेऊन काढायचा. त्या दिवशी घंटीवाला गावाला गेला होता आणि त्याचा मेहुणा बसला होता. मावशीने विचारलं, त्याने हो, पहिलंच आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी शेजारीण सहज बोलून गेली की आज पहाटे माझे गहू दळून आणले, तेव्हा उलगडा झाला. भाजणी गव्हावर दळली गेली होती. आणि गव्हाचा कणही उपासाला चालत नाही.

सगळी पाकिटं भरून झाली होती. मावशीने रात्रीपर्यंत बसून प्रत्येकावर लिहिलं, ‘या खेपेची भाजणी गव्हावर दळली गेली. उपासाला नको. एरवी खुशाल खा.’ ‘उपासाला नको’च्या खाली दोनदा रेघ ओढली. घडियाळी पोळात पाकिटं दिली तेव्हा दुकानदारालाही तोंडी सांगितलं. त्याने मान हलवली.

पुढचा मंगळवार अंगारकीचा होता. दुपारी मी मावशीकडेच होते, नवीन लेबलांचा गठ्ठा द्यायला आले होते. तिने फोन हातात घेतला, गिऱ्हाइकांचे स्टेटस ती रोज जेवणानंतर बघते. आणि तिचा हात तिथेच थांबला. मला फोन दिला. फोटोत एक थालीपीठ, वाटीत दही, आणि पुढे तिचं पाकीट, तिची ओळ वर येईल असं धरलेलं. खाली लिहिलं होतं, ‘अंगारकी स्पेशल. किती गोड लिहितात या मावशी.’ हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

स्टेटस होता मावशीच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका सुनेचा. ती शाळेत शिकवते. घरी तिची सासू, ऐंशीच्या पुढची, दिसायला कमी झालेली, लग्न झाल्यापासून एकही चतुर्थी न सोडलेली. मावशी त्यांना काकू म्हणते आणि वर्षानुवर्षं त्यांचा उपास मावशीच्याच भाजणीवर असतो.

मावशीने चपला घातल्या. मी म्हटलं, फोन करू या का. ती तोपर्यंत गल्लीत उतरली होती.

काकू खुर्चीवर बसून माळ ओढत होत्या. मावशीने उंबऱ्यातूनच सांगितलं, आडवळणाने नाही, की काकू, ती भाजणी गव्हावरची होती, मी पाकिटावर लिहिलं होतं. काकूंची बोटं थांबली. त्यांनी सुनेकडे मान वळवून विचारलं, “तू वाचलं नव्हतंस?”

सून गोरीमोरी झाली. म्हणाली, “वाचलं होतं, आई. मला वाटलं, डिझाइन आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलेली बाई, शाळेत वाचायला शिकवणारी, ‘उपासाला नको’ हे दोन शब्द, खाली दोनदा रेघ, आणि हिला ते डिझाइन वाटावं. मी तोंड उघडणार एवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिला तसं वाटायला मीच शिकवलं होतं. तिने त्याआधी कंपनीची पाकिटं वाचली होती. हाताने लिहिलेली ओळ ही वाचून हसायची असते, ऐकायची नसते, हा धडा तिने माझ्याच दहा ओळींतून घेतला होता. तिच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं. आणि राग तर आत उकळत होता, त्याचं करायचं काय.

काकू रागावल्या नाहीत. त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत मोरीपर्यंत गेल्या, चूळ भरली, आणि परत येऊन बसल्या. आता चंद्रोदयापर्यंत पाणीही घेणार नाही, एवढंच म्हणाल्या. त्यांच्या गोळ्या होत्या, दुपारचं ऊन होतं, सून रडायला लागली, मावशीने हात जोडले. काकूंनी माळ उचलली. देवाला कळतं, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, देवाला कळतं ग, पण मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं.

परतताना मावशी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसली. मला वाटलं दमली. ती म्हणाली, माझंच चुकलं, दुकानात द्यायलाच नको होती ती पाकिटं, लिहिलं की भागलं असं मी समजले.

हे मला सहन झालं नाही. ज्या एकट्या बाईने खरं लिहिलं, ती ओट्यावर बसून स्वतःला दोष देत होती, आणि वाघोडियात यंत्रातून खोट्या कबुल्यांची पाकिटं धडाधड बाहेर पडत होती, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून घाम पुसत होते. मी सांगून टाकलं. कारखान्याचं लेबल माझं आहे. त्या ओळी माझ्या आहेत. अक्षर फॉन्टचं आहे. ती पद्धत मी तुझ्याकडून उचलली.

पहिला प्रश्न तिने विचारला तो माझ्याबद्दल नव्हता. “म्हणजे तिथे लिहिणारी कुणी बाई नाहीच?”

नाही, मी म्हटलं.

तिने मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि चोळत राहिली. माझ्यावर ती चिडली असती तर फार बरं झालं असतं. चोरी केलीस म्हणाली असती, तर त्याला माझ्याजवळ उत्तरंही होती, माफीही होती. ती विचार करत होती, हिशेब जुळत नाही अशा चेहऱ्याने.

“जिरं खरंच जास्त भाजलं होतं का?”

“माहीत नाही ग. मी भाजणी पाहिलीच नाही कधी.”

“मग लिहिलंस कसं?”

तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. आयुष्यभर तिने आधी चिमूट तोंडात टाकली होती आणि मग पेन उचललं होतं. त्याच्याशिवाय एखादी ओळ पाकिटावर येते कशी, हे तिला कळत नव्हतं. मी तिला फॉन्ट, मालक, बाजार असलं काहीतरी सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले. त्या दिवशी मावशीनेही चंद्र दिसेपर्यंत तोंडात काही घातलं नाही. ती कधीच कुठलाही उपास करत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी वाघोडियाला गेले. मालकाला म्हटलं, त्या ओळी काढा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला, आणि विचारलं की लोकांना आवडतंय ते काढायचं कशाला. जिऱ्याने कुणाचं काय वाईट झालं? मी काकूंचं सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटलं, म्हाताऱ्या बाईला पाणी नाही म्हणजे काय, तब्येत कशी आहे आता, असं विचारलं. मग म्हणाला की ते पाकीट आपलं नव्हतं ना. आणि त्याच्या दृष्टीने तिथे विषय संपला. उलट आता त्याला तेच गुजरातीत हवं होतं, खाखऱ्यासाठी. मी नाही म्हटलं. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी केलं. खाखऱ्याच्या पाकिटावर आता लिहिलेलं असतं की मेथी जरा जास्त पडली. अक्षर सुंदर आहे. ते पाहिलं की मला दुकानात उभ्या उभ्या ते पाकीट चुरगाळावंसं वाटतं, आणि बिल करून बाहेर येते.

मावशीने लिहिणं बंद केलं. घडियाळी पोळातली पाकिटं परत आणली. आता लेबलाखालची दोन बोटं जागा कोरीच राहते. गिऱ्हाईक दारात आलं की ती समोर बसवते, डबा उघडते, चिमूटभर हातावर देते आणि या खेपेला काय झालंय ते तोंडाने सांगते. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर देत नाही, ज्याला खायचं आहे त्याने यावं म्हणते. लोकांना एवढा वेळ कुठला. परदेशातल्या लेकींची पाकिटं बंद झाली, लांबची गिऱ्हाइकं सुटली. उपासाची भाजणी तर ती करतच नाही. दुपारी अंगण रिकामं असतं आणि ती पायरीवर बसलेली असते. हे मी केलंय, आणि कुणी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारणार नाही, कारण यात कायद्याने काहीच चुकलेलं नाही.

परवा तिच्याकडे जेवायला गेले. तिने आमटी वाढली, मी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणाले, छान झालीय. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

“खरं सांगतेस, की लिहितेस तसं?”

ती चेष्टा करत नव्हती. आमच्यात असला प्रश्न कधी आला नव्हता. लहानपणापासून मी तिच्या ताटात जेवत आले, तिने माझा शब्द कधी तपासून पाहिला नव्हता. मला भयंकर राग आला, तिचा नाही, आणि डोळे भरून आले. मी आणखी एक घास घेतला. नीट चावला. मग म्हटलं, मीठ कमी आहे, मावशी.

तिने मान हलवली आणि मीठ आणायला आत गेली.